न छेडलेला गंधार

मिरजेच्या सतारमेकरांची घराणी मूळची शिकलगारांची. तलवारींना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरजेचा तानपुरा देशभरच्या मैफलींत गवयांच्या मागे झंकारू लागला. २०२४ साली इथल्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर एका प्रदर्शनासाठी कारागिरांची व्यक्तिचित्रं टिपायला पुण्याहून एक तरुण छायाचित्रकार मिरजेत आला.

तो ज्या सतारमेकरांच्या दुकानात गेला, तिथे सगळ्यात वडीलधारे होते ते चाचा. फोटो काढायचा म्हणून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी नीट केली आणि स्टुलावर ताठ बसले. तरुणाने ८५ मिलिमीटरची लेन्स चढवली, दोन दिवे लावले.

"चाचा, जरा हसा."

चाचा हसले. ओठ हलले, डोळे जागच्या जागी राहिले.

संगीताने माणूस खुलतो हे तरुणाने ऐकलं होतं. त्याने सोबत आणलेल्या स्पीकरवर सतारीची एक ध्वनिमुद्रिका लावली. चाचांच्या कपाळावर आठी पडली. "जोडाची तार उतरलीय," ते म्हणाले आणि पुन्हा ताठ झाले. दुपार कलली. कॅमेऱ्यात फोटो भरपूर जमले, पण सगळे ओळखपत्रावर लावायच्या लायकीचे.

तेवढ्यात गाणं शिकणारी एक मुलगी तानपुरा घेऊन आली. "चाचा, बोलतच नाही हा. जवारी गेलीय."

चाचा स्टुलावरून उतरले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि भोपळा मांडीवर घेतला. तारा सैल करून, ज्या घोडीच्या माथ्यावरून तारांना झंकार म्हणजे जवारी मिळते, त्या माथ्यावर हलकेच कानस फिरवली, तारा पुन्हा चढवल्या आणि तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला. तार छेडली. मान हलली, नाही. पुन्हा कानस, पुन्हा दोरा.

तरुणाने कॅमेरा उचलला, तशी त्यांची मान ताठली.

"बेटा, ते राहू दे. इथे बस आणि ऐक. गंधार कानावर आला की सांग."

तरुण बसला. पंचम, जोडीचे दोन षड्ज, मग खर्ज. चार तारा पुन्हा पुन्हा. सुरुवातीला त्याला नुसता झंकार ऐकू आला. मग त्याचा श्वास त्या लयीला लागला, हातांची घाई ओसरली. आणि खर्जाच्या पोटातून एक वेगळाच स्वर वर आला, स्वच्छ, गोड, कुठल्याही तारेवर नसलेला.

"आला, चाचा!"

"आला ना?" म्हणत चाचांनी डोळे मिटले आणि बोटं तारांवर चालू ठेवली.

त्या सुरामुळे तरुणाला आपलं काम वेगळ्या तऱ्हेने दिसू लागलं. त्याने दोन्ही दिवे विझवले. दारातून येणारा उजेड चाचांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडत होता, तेवढाच ठेवला. कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि शटरचा वेग १/१५ सेकंदावर आणला, म्हणजे चेहरा स्थिर राहील आणि तारांवरची बोटं धूसर होऊन वाहती दिसतील. गंधार पुन्हा कानी येईपर्यंत तो थांबला. आला, तेव्हा त्याने बटण दाबलं. चाचांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मुलगी तानपुरा घेऊन गेल्यावर त्याने चाचांना फोटो दाखवला. चेहऱ्यावर आयुष्यभराच्या कामाचं समाधान होतं, आणि अजून काहीतरी अचूक लागायचं राहिलंय अशी ओढही.

"चाचा, सकाळपासून मी एवढे प्रयत्न केले. तेव्हा हे का नाही आलं?"

"तानपुऱ्याला गंधाराची तार कुठे असते, बेटा? चार तारा नीट लाव, जवारी नीट काढ, तो आपणहून बोलतो. तू सकाळपासून गंधारच छेडायला बघत होतास. चेहऱ्यावरचा भाव तसाच असतो. आणि माझी तार लागली, तेव्हा तुझीही लागली होती. नाहीतर तो ऐकू कुणाला येणार?"

तेव्हापासून तो तरुण कुणाचाही फोटो काढण्याआधी विचारतो, "तुम्हाला काय ऐकायला आवडतं?" कुणी भजन सांगतं, कुणी लावणी, कुणी आईच्या ओव्या. ते तो त्यांच्याबरोबर बसून आधी ऐकतो आणि उजेड कुठून घ्यायचा, बटण कधी दाबायचं, हे त्यानंतर ठरवतो.

तात्पर्य : भाव मागून मिळत नाही. समोरच्याच्या सुराशी आपला सूर जुळवला, की तो आपणहून उमटतो.