कानाने केलेला न्याय

न्याय म्हणजे सर्वांना एकाच मापाने मोजणे, की प्रत्येकाची परिस्थिती पाहून माप लावणे? हा प्रश्न न्यायालयात उद्भवतो, तसाच शाळेतील एका लहानशा खोलीतही उद्भवतो. टेबलावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र, त्याच्या एका बाजूला पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला त्याला फ्रेंच शिकविणारी त्याचीच शिक्षिका.

केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेत फ्रेंच ही परकीय भाषा म्हणून घेणाऱ्यांची तोंडी परीक्षा अशी होते. मुंबई-पुण्याच्या काही शाळांतही ती घेतली जाते. सुमारे दहा मिनिटांचे संभाषण आणि ४० गुण. पैकी १० गुण नेमून दिलेल्या एखाद्या व्यावहारिक प्रसंगाला, तर ३० गुण दोन विषयांवरील संवादाला. प्रश्न छापील असतात. गुण मात्र शिक्षिका देते. नमुन्यादाखल काही ध्वनिमुद्रणे मंडळाकडे जातात आणि तेथील नियामक ती पुन्हा ऐकतो.

समजा, प्रश्न आहे : काल तू काय केलेस? मुलगा म्हणतो, ‘झ मांज ओ रेस्तोराँ’, म्हणजे ‘मी उपाहारगृहात जेवतो’. एक शिक्षिका म्हणेल, अर्थ पोहोचला, पूर्ण दोन गुण. दुसरी म्हणेल, प्रश्न कालचा आणि उत्तर आजचे, एकच गुण. दोघींपुढे नियमांचा तोच कागद आहे आणि दोघीही प्रामाणिक आहेत. एका गुणाने असे काय बिघडते, असे कुणी विचारील. श्रेणीच्या सीमेवर उभ्या असलेल्या मुलाला ते विचारून पाहावे.

ही शंका जुनी आहे. अमेरिकेत डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक माध्यमिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा शंभरपैकी तीसहून अधिक गुणांची तफावत दिसली. भूमितीत तरी एकमत होईल अशी अपेक्षा होती. तेथे तफावत आणखी वाढली! खुद्द फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ आंरी पिएराँ यांनी परीक्षांच्या या अभ्यासाला ‘दोसिमोलोजी’ असे नाव दिले. लेखी उत्तर निदान कागदावर स्थिर असते. बोललेले वाक्य हवेत विरते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात आधीच्या हुशार मुलीचे अस्खलित बोलणे अजून घुमत असते.

शिवाय शिक्षिका त्या मुलाला ओळखते. घरी आजारपण आहे, मुलगा लाजाळू आहे, एरवी याहून बरे बोलतो, हे सारे तिला ठाऊक असते. मग तिने हात थोडा सैल सोडला तर तो अन्याय कसा? ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’त लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. न्यायालाही कधी कधी तसे वाकावे लागते, असे तो सुचवितो. दाखला मार्मिक आहे. परंतु ती पट्टी दगडापुढे वाकते, गवंड्याच्या मायेपुढे नव्हे. मुलगा त्या दहा मिनिटांत जे बोलला तो आपला दगड. तो एरवी काय बोलला असता, हे त्या ध्वनिफितीत नाही.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एखादी शिक्षिका सर्वांशीच सारखी कडक असेल, तर नियामक त्या शाळेचे गुण वर उचलू शकतो. सर्वांशीच सारखी उदार असेल, तर खाली आणू शकतो. पण जिने एकाला माया दाखविली आणि दुसऱ्याला नियम, तिच्या यादीत मुलांचा क्रमच चुकलेला असतो. संपूर्ण यादी वर-खाली सरकवून तो दुरुस्त होत नाही. शिवाय वाढवून दिलेला गुण कुणाच्या पदरचा असतो? खोलीबाहेर आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या मुलीचे स्थान त्याने एका पायरीने खाली जाते, आणि तिला ते कधीच कळत नाही.

म्हणून जेथे दोन-तीन शिक्षिका परीक्षा घेतात, तेथे त्यांनी आधी एकत्र बसून एकच ध्वनिफीत ऐकायची, परस्परांना न दाखविता गुण लिहायचे आणि मग कागद उलगडायचे, ही रीत मला शहाणपणाची वाटते. ती सुखाची नाही. वीस वर्षे शिकविलेल्या टीचरला कालपरवा आलेल्या तरुणीपुढे आपले कारण सांगावे लागते. अर्थात एकमत म्हणजे न्याय नव्हे. तिघींनाही पॅरिसला जाऊन आलेल्या मुलाचे उच्चार भुरळ घालीत असतील, तर तिघी मिळून एकच चूक करतील. अशा वेळी नियमांचा कागद मोठ्याने वाचून, त्यात उच्चारांना नेमके किती स्थान आहे, हे पाहावे लागते.

आपल्याकडील पालकांनाही हा प्रश्न परका नाही. महाराष्ट्रातील दहावीला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण शाळाच देत असत. २०१९ च्या परीक्षेला ते गुण नव्हते, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले. त्या वेळी घरोघरी चर्चा टक्केवारीची झाली. ते २० गुण वर्गावर्गात कोणत्या मापाने दिले जात होते, हे फार थोड्यांनी विचारले.

मग करुणेला त्या खोलीत जागाच नाही काय? आहे, आणि ती गुण लिहिण्याच्या आधी आहे. प्रश्न संथपणे वाचता येतो. न कळल्यास तो पुन्हा विचारता येतो, आणि काही प्रश्नांना तर मंडळानेच सोपा पर्याय छापून दिलेला असतो. घाबरलेल्या मुलाला शब्द सापडेपर्यंत चेहऱ्यावर घाई न आणता थांबता येते. एवढे लाजाळू मुलासाठी करावे, तसेच पॅरिसला जाऊन आलेल्यासाठीही करावे, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला आत बोलाविल्यावर तिच्यासाठीही.