घरचाच आहे, थांबेल

आमच्याकडे लग्नात एक माणूस ठरलेला असतो. सकाळी सहाला मंडपात हजर, आचाऱ्याला गॅसची टाकी आणून देणारा, पाहुण्यांच्या गाड्या लावून घेणारा, पंगतीत मठ्ठ्याची बादली घेऊन फिरणारा. पाहुणे जेवतात, नवरा-नवरी जेवतात, बँडवालेही जेवतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, अरे, हा राहिलाच. तोवर जिलेबी संपलेली असते. यजमान त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणतात, "तू काय, घरचाच आहेस." आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात खरीखुरी माया असते. गोची तिथंच आहे.

हा माणूस मला आठवला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, कॉनर गॅलाहर माद्रिदच्या हॉटेलात अडकून पडला होता तेव्हा.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गॅलाहर हा चेल्सीचा मिडफिल्डर. जन्म २००० सालचा, लंडनच्या दक्षिणेकडच्या एप्समचा. सगळं घर चेल्सीवालं. सात-आठ वर्षांचा असताना तो क्लबच्या अकादमीत दाखल झाला. मोठा झाल्यावर क्लबनं त्याला एकामागून एक चार ठिकाणी उसना दिला: चार्लटन, स्वॉन्झी, वेस्ट ब्रॉम, क्रिस्टल पॅलेस. पॅलेसकडून लीगमध्ये आठ गोल करून तो घरी परतला. २०२३-२४ च्या हंगामात कर्णधार रीस जेम्स बराच काळ जखमी होता, म्हणून दंडावरचा पट्टा गॅलाहरकडे आला आणि त्यानं सगळ्या स्पर्धा मिळून ५० सामने खेळून काढले. त्या वर्षी आमच्या संघात रोज कुणीतरी दवाखान्यात असायचं. हा मात्र रोज कामावर.

त्याचा खेळ देखणा नव्हता, हे आधीच कबूल करतो. पहिल्या टचलाच चेंडू कधीकधी इतका लांब जायचा की तोच त्याचा पुढचा पास वाटावा. पण मग त्या चेंडूमागे तो स्वतःच असा धावायचा, की समोरचा गडबडून जायचा. २५ फेब्रुवारी २०२४ ला लीग कपच्या फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध त्याचा फटका पोस्टला लागून परत आला. आम्ही जादा वेळेत हरलो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाचजण डोक्याला हात लावून बसलो होतो, पण कुणीही त्याला शिवी दिली नाही. दुसऱ्या कुणाचा फटका असता तर त्याची किंमत काढून झाली असती. याच्या बाबतीत एकजण एवढंच म्हणाला, "बिचारा."

हे असं का होतं, ते मला कोल्हापूरमुळे कळतं. मी मूळचा तिथला. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठा आणि तालमी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस यांची मॅच असली की शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते मॅच सुरू होण्याआधीच सांगतात, आज कुणाची आहे ते. मला तिथं पहिल्यांदा मामा घेऊन गेला. बाहेरून आणलेला खेळाडू चुकला की मामा त्याच्या खेळाबद्दल बोलायचा. पेठेतला पोरगा चुकला की त्याच्या घराबद्दल बोलायचा: याचा बाप रिक्षा चालवतो, हा रात्री जागतो, आजी आजारी आहे. म्हणजे घरच्या खेळाडूची चूक आपल्याला कारणांसकट दिसते. त्याला आपण कच्चा असताना पाहिलेलं असतं, त्यामुळे तो आपल्याला कधी पुरता पक्का वाटतच नाही. हे प्रेमच आहे. फक्त ते महाग पडतं, आणि बिल कुणाच्या नावावर फाटतं ते आपण बघत नाही.

आता हिशेब. माझ्यातल्या इंजिनिअरला हाच भाग सगळ्यात जास्त आवडला होता आणि आज त्याचीच लाज वाटते.

क्लब जेव्हा बाहेरून खेळाडू विकत घेतो, तेव्हा ती किंमत एका वर्षात खर्ची पडत नाही. कराराच्या वर्षांमध्ये विभागली जाते. एन्झो फर्नांडेझला चेल्सीनं २०२३ च्या सुरुवातीला १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतलं, करार साडेआठ वर्षांचा. म्हणजे वहीत वर्षाला साधारण सव्वा कोटी. दोन वर्षांनी त्याला विकायचा म्हटलं, तर वहीत अजून आठ कोटींहून जास्त शिल्लक आहेत. तेवढ्याला विकला तर नफा शून्य. आणि अकादमीतून आलेल्या पोराची खरेदी किंमतच नाही. वहीत तो शून्य. त्याला ज्या भावाला विकाल ती सगळी रक्कम नफा. इंग्रजी पत्रकार याला 'प्युअर प्रॉफिट' म्हणतात. प्रीमियर लीगच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता, त्यामुळे शुद्ध नफ्याला सोन्याचा भाव आला. आमच्या क्लबनं तर स्टेडियमजवळची स्वतःची दोन हॉटेलं स्वतःच्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला ७ कोटी ६५ लाखांना विकून वही जुळवली होती. (मी बिलिंग सॉफ्टवेअर लिहितो. असली एन्ट्री आमच्या सिस्टिममध्ये आली असती तर मी तिला लाल झेंडा लावला असता.)

मराठीत म्हण आहे, पिकतं तिथं विकत नाही. इथं उलटं झालं. जे घरी पिकलं तेच आधी विकायला निघालं, कारण ते घरचं होतं.

गॅलाहरच्या करारात एकच वर्ष उरलं होतं. ग्रुपवर वाद पेटला. त्या रात्री मी दीड तास बसून एक शीट बनवली. कोणाला विकल्यावर वहीत किती नफा दिसेल, रंगांसकट. गॅलाहरची ओळ हिरवीगार. खाली मी लिहिलं, "इमोशनल होऊ नका, मॅथ बघा." पाच अंगठे आले. दंडावर पट्टा बांधून वर्षभर धावलेल्या माणसाला मी एका सेलमध्ये बसवला होता आणि त्या सेलमध्ये शून्य लिहिलं होतं.

तसं बघितलं तर त्या शून्यात काय काय बुडालं होतं! पहाटे पोराला सरावाला सोडणारे आईबाप, पंधरा-सोळा वर्षं त्याला घडवणारे प्रशिक्षक, शाळेच्या वयातले सगळे शनिवार. हिशेबाच्या भाषेत हा वर्षाचा वर्षाला संपून जाणारा खर्च. मालमत्ता म्हणून तो कुठंच नोंदला जात नाही. विकत आणलेल्याची किंमत लिहिलेली असते, वाढवलेल्याची नसते.

मग ते माद्रिद प्रकरण. अ‍ॅटलेटिकोशी बोलणी झाली, पोरगा विमानानं गेला, वैद्यकीय तपासणी झाली. आणि दोन क्लबांमधला दुसराच एक व्यवहार फिसकटला म्हणून याचाही अडकला. काही दिवस हॉटेलात बसून तो लंडनला परत आला, जिथं नव्या प्रशिक्षकाच्या आखणीत त्याला जागा नव्हती. दोन घरांच्या मधे लोंबकळणारा माणूस. अखेर सौदा झाला, तीन ते चार कोटी पौंडांच्या मधल्या कुठल्याशा आकड्याला, आणि ग्रुपवर सगळ्यांनी निळं हृदय टाकलं. मीही टाकलं. शीट डिलीट केली नव्हती.

इथं दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा नुसता उमाळा होईल. घरचा आहे म्हणून कुणाची संघातली जागा कायमची होत नाही. नव्या प्रशिक्षकाला पायात चेंडू ठेवून शांतपणे खेळणारे मिडफिल्डर हवे होते आणि गॅलाहर तसा नव्हता. हे फुटबॉलचं कारण झालं आणि ते मला मान्य आहे. त्यातून त्याची जागा ज्यांच्याकडे गेली त्यांचं काय चुकलं? मोइसेस कायसेदो इक्वेडोरचा, दहा भावंडांत सगळ्यात धाकटा, अर्धं जग ओलांडून आलेला. तो लंडनमध्ये पिकला नाही म्हणून तो कमी आपला? आज मी त्याच्या प्रत्येक टॅकलला ओरडतो. आणि आमचा सगळ्यात लाडका कोल पामर? तो मँचेस्टरचा, लहानपणापासून सिटीच्या अकादमीतला. २०२३ मध्ये सिटीनं त्याला आम्हाला विकला, तोही वहीत शून्यच होता. म्हणजे ज्याच्या नावाचा टीशर्ट मी घालून फिरतो, तो दुसऱ्या कुणाचा तरी शेवटच्या पंगतीला बसवलेला पोरगा आहे.

'आपला' हा शब्द मला त्यामुळे थोडा भीतीदायक वाटतो. भूमिपुत्र या शब्दाचं आपल्या राज्यात काय काय झालंय ते आपल्याला माहीत आहे. बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब शंभरहून जास्त वर्षं फक्त बास्क प्रांतात जन्मलेले किंवा तिथं घडलेले खेळाडू घेऊन खेळतो आणि तरी स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीच खाली घसरलेला नाही. ऐकायला भारी वाटतं. पण त्याच क्लबचा इन्याकी विल्यम्स, ज्याचे आईवडील घानाहून सहारा तुडवत आले, तो बिल्बाओत जन्मला म्हणून त्यांचा झाला. त्याच आईवडिलांनी तीन-चारशे किलोमीटर दूर बिऱ्हाड केलं असतं आणि तो तिथंच वाढला असता, तर? माझ्यासारख्यानं तर यावर गप्पच बसावं. मी लंडनला कधी गेलेलो नाही. २०१२ च्या मे महिन्यात, दहावीच्या सुट्टीत, रात्री उशिरा ड्रोग्बाची शेवटची पेनल्टी बघितली, एवढंच माझं नागरिकत्व.

तेव्हा जन्म हा मुद्दा नाही. मला सतावतो तो वेगळाच प्रश्न आहे: एखाद्याला आपला म्हटल्यावर आपण त्याला नक्की काय देतो? परक्याला आपण कागद देतो. आठ वर्षांचा करार, आकडा, सही. आपल्याला माया देतो, आणि तिच्या बदल्यात कागदात सूट मागतो.

हे मला फुटबॉलमधून सुचलं असं म्हटलं तर खोटं होईल. २०१८ मध्ये कॅम्पसमधून एका कंपनीत लागलो आणि सहा वर्षं तिथंच होतो. चौथ्या वर्षी बाहेरून एकजण आला, माझ्याच वयाचा, चांगला मुलगा. त्याला सिस्टिम मी शिकवली. एकदा टपरीवर चहा पिताना त्यानं सहज पगार सांगितला. माझ्या जवळजवळ दीडपट. त्याचा काही दोष नव्हता, त्यानं मागितलं आणि त्याला मिळालं. मी मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, तू तर घरचाच आहेस. तुला काय वेगळं सांगायचं?" मी हसून बाहेर आलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी बरंही वाटलं होतं.

राजीनामा दिला तेव्हा मात्र तीन दिवसांत पैसे निघाले. सहा वर्षं जे बजेटमध्ये बसत नव्हतं ते शुक्रवारी दुपारपर्यंत बसलं. मॅनेजर म्हणाले, "तू असं करशील वाटलं नव्हतं." त्यांचा चेहरा खरंच पडला होता. ते नाटक करत असते तर मला सोपं गेलं असतं. पण ज्या माणसानं मला स्वस्तात ठेवलं, त्याचा माझ्यावर जीव होता, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या एकमेकींना खोडत नव्हत्या. उलट एकीच्या जोरावर दुसरी चालली होती. मीही गॅलाहरवर प्रेम करतच ती शीट बनवली होती की.

गेल्या हंगामात कोल्हापूरला गेलो तेव्हा मामाबरोबर शाहू स्टेडियमला गेलो. आमच्या गल्लीत वाढलेला एक मिडफिल्डर यंदा दुसऱ्या पेठेकडून खेळत होता. मामा तापला होता. "पेठेनं मोठं केलं आणि गेलं बघ पोरगं."

"पेठेनं दिलं काय त्याला?"

"दिलं की. बूट दिलं. मॅच झाली की मिसळ. आणि काय पाहिजे?"

"आणि तुम्ही बाहेरून दोघं आणलेत, त्यांना?"

मामानं आकडा सांगितला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "ते वेगळं लेका. ते पाहुणं असतंय."

खाली चेंडू मधल्या पट्ट्यात आला. त्या पोरानं आमच्याच बचावपटूला खांदा देऊन तो काढून घेतला आणि मान वर करून मोकळी जागा बघितली. मामा अर्धा उठला. "मार लेका!" तोंडून निघून गेलं. मग त्यानं आजूबाजूला बघितलं, खाली बसला, आणि खिशातली शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढं धरली.