पथ्य हेही व्रतच



१ ऑगस्ट हा लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीचा दिवस. त्या दिवशी त्यांच्या राजकारणाचे स्मरण सर्वत्र होते. आपण मात्र येथे देवाच्या दारी बसून बळवंतराव टिळक या गृहस्थाचे स्मरण करू. न बरे होणारे दुखणे अंगावर बाळगून त्यांनी संसार केला व कर्तव्यही केले. मधुमेह हेच ते दुखणे. बेळगावपासून निपाणीपर्यंत आपल्या कितीतरी घरांत आज ते आहे. परंतु त्याच्यासह धर्माने कसे जगावे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात झाली. वय ५२ वर्षांचे आणि सोबतीला मधुमेह. त्या काळी या रोगावर पथ्याखेरीज फारसा उपाय नव्हता. परमुलखात, लाकडी कोठडीत, सातूच्या पिठासारख्या पथ्याच्या अन्नावर त्यांनी देह सांभाळला. घरी पाठवायच्या पत्रांत राजकारणास मज्जाव होता; म्हणून त्या पत्रांत दिसतो तो निव्वळ कुटुंबवत्सल पुरुष. मुलांचा अभ्यास, घरचा कारभार, हवी असलेली पुस्तके, हेच त्यांचे विषय. याच स्थितीत १९१०-११ च्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले.

पुढे जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्याची वार्ता आली. चाळीस वर्षांहून अधिक काळाचा संसार. पण अखेरची भेट नाही. ज्याच्या प्रकृतीची घरच्यांना काळजी तो मागे राहिला, आणि घर सांभाळणारी गेली! कर्मयोगावर ग्रंथ लिहिणे एक, आणि असा आघात सोसून पुन्हा नित्यकर्मास लागणे दुसरे. टिळकांनी दोन्ही केले. जून १९१४ मध्ये ते सुटले. एप्रिल १९१६ च्या अखेरीस ते आपल्याच बेळगावात होते. प्रांतिक परिषदेच्या त्या प्रसंगी येथेच होमरूल लीगची स्थापना झाली. तेव्हा साठी जवळ आली होती आणि मधुमेह होताच.

श्रोतेहो, यातून बोध कोणता घ्यावा? रोग म्हणजे कर्तव्यातून मिळालेली सुट्टी नव्हे. आणि रोगाकडे दुर्लक्ष करणे हा पराक्रमही नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अतिभोजन व उपासमार दोन्ही वर्ज्य सांगून, आहारविहार आणि निद्रा मापात असावी असा उपदेश केला आहे. मधुमेही गृहस्थाचे पथ्य हे त्या उपदेशाचेच पालन होय. ‘आता आमचे काय राहिले?’ असे म्हणून औषध टाळणे हे वैराग्य नसून, आपल्यावर अवलंबून असलेल्यांशी केलेली प्रतारणा आहे.

टिळक १९२० साली वारले. दुसऱ्याच वर्षी कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रुग्णास टोचण्यात आले. जे त्यांच्या वाट्यास आले नाही ते आज आपल्या गावच्या औषधांच्या दुकानात मिळते. त्याचा अव्हेर करणे म्हणजे दारी आलेली कृपा परतवणे होय.

घरच्यांनाही दोन शब्द. आजारी वडिलांना ‘हा पूर्वजन्मीचा भोग’ असे ऐकवू नका. भोग कोणाचा व कशाचा, हे आपण जाणत नाही. सेवा मात्र आपल्या हाती आहे. त्यांना कोपऱ्यात बसवून घरचे निर्णय परस्पर घेऊ नका. मंडालेहूनसुद्धा टिळक घराचे कर्तेच होते. आणि ‘देवाचा प्रसाद आहे, एवढ्याने काय होते?’ असे म्हणून त्यांच्या हातावर कुंदा किंवा पेढा ठेवण्याचा आग्रह धरू नका. प्रसाद भावाने पोहोचतो. तुळशीचे एक पानही पुरते. ज्या घरात रुग्णाच्या पथ्यासाठी सर्वांनी आपल्या जिभेला थोडी मुरड घातली, त्या घरात व्रत घडले असे समजावे.

अशा दुखण्यासह जगून, आपल्या प्रपंचाचा भार अखेरपर्यंत वाहून गेलेले कोणी ना कोणी आपल्या प्रत्येकाच्या घरी होऊन गेले असेल. आज सायंकाळी देवापाशी दिवा लावताना त्यांचे नाव घ्या. आणि जे अजून आपल्यात आहेत, त्यांच्यापाशी घटकाभर बसा.

सर्वांस आरोग्य व सद्बुद्धी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.