आस्वाद: पाप की सद्गुण?

जेवणात सुख मानणे हा दोष आहे का, हा प्रश्न फ्रेंच विचारात धर्मशास्त्राच्या वाटेने आला. कॅथलिक परंपरेने खादाडपणाची गणना सात प्रमुख पापांत केली. पोप ग्रेगरी पहिला (कारकीर्द 590–604) याने त्याचे पाच प्रकार सांगितले: अवेळी खाणे, अति खाणे, अधाशासारखे खाणे, उंची पदार्थांचा हव्यास धरणे आणि रांधण्याचे चोचले पुरवणे. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये अध्यापन करणाऱ्या थॉमस अक्वायनसने हे वर्गीकरण मान्य केले. मात्र पाप सुखात नसून विवेकाची मर्यादा ओलांडणाऱ्या वासनेत आहे, असा खुलासाही केला. देहधारणेला लागणारी सुखे अकारण झिडकारणे हाही त्याच्या मते दोषच होता.

मिशेल द मोंतेन्यने (1533–1592) हा विचार धर्मपीठावरून रोजच्या जगण्यात आणला. आपण घाईघाईने जेवतो आणि त्या नादात जीभ चावून घेतो, हे त्याने निबंधात नोंदवले आहे. झोपेचे सुखही नकळत निसटू नये म्हणून तो एके काळी स्वतःला मुद्दाम उठवायला सांगे. सुखाकडे लक्ष देणे म्हणजे त्यात बुडून जाणे नव्हे. मिळालेल्या आयुष्याचा तो कृतज्ञ स्वीकार आहे, ही त्याची भूमिका. पुढे धर्मगुरू पिएर गासेंदी (1592–1655) याने ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या सुखवादाची ख्रिस्ती श्रद्धेशी सांगड घातली.

ब्लेझ पास्कालने (1623–1662) नेमकी उलट वाट धरली. त्याच्या बहिणीने लिहिलेल्या चरित्रानुसार तो अन्नाची चव जाणवू नये याची काळजी घेई आणि भूक कितीही असो, ठरलेल्या मापानेच जेवे. इंद्रियसुखात रमलेला माणूस ईश्वराला विसरतो, ही त्यामागची भीती होती.

न्यायाधीश असलेल्या ब्रिया-साव्हारँने 1825 च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या रसनाविषयक ग्रंथात मोंतेन्यच्या बाजूने कौल दिला. रसिकता आणि खादाडपणा यांत त्याने स्पष्ट भेद केला. अजीर्ण होईपर्यंत खाणाऱ्याला खाणेच कळत नाही, असे त्याचे मत होते. पाहुण्याचे सुख ही यजमानाची जबाबदारी मानून त्याने आस्वादाला नैतिक बाजूही दिली.

हाच दृष्टिकोन आजच्या रिवाजांत दिसतो. 2010 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून नोंदवले ते फ्रेंच पदार्थ नव्हेत, तर एकत्र बसून क्रमाक्रमाने घेतलेले सणासमारंभाचे जेवण. त्यात निदान चार टप्पे असतात: आरंभीचा पदार्थ, मासे किंवा मांस आणि भाज्या, चीज, शेवटी गोड. कामाच्या जागी जेवायला फ्रेंच कामगार कायद्यात मनाई आहे. करोनाकाळात ती तात्पुरती शिथिल करावी लागली.

या विचारावरचा सर्वांत कठोर आक्षेप पास्कालचा नव्हे, अठराव्या शतकातील विचारवंत रूसोचा आहे. श्रीमंतांच्या केसांच्या टोपांना भुकटी हवी असते, म्हणून गरिबांना पाव मिळत नाही, असे त्याने सुनावले. नीटनेटकेपणा, चव आणि फुरसत यांचा खर्च कोण सोसतो, हा त्याचा प्रश्न होता. लक्षपूर्वक, मापात आणि इतरांसोबत घेतलेला आस्वाद खादाडपणाच्या आरोपातून सुटतो. रूसोच्या आरोपातून मात्र तो सर्वांच्या ताटात पुरेसे अन्न पडल्याशिवाय सुटत नाही.