नळामागचा पाऊस

आपण निसर्गापासून दुरावलो, याचा दोष सहसा शहरांना दिला जातो. पण मुंबईकराचं पिण्याचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांतूनच येतं. सह्याद्रीतला पाऊस रोज त्याच्या घरी येतो, तरी नळ उघडताना तो आठवत नाही. शेतकऱ्याला मृगाकडे डोळे लावावेच लागतात. आपली ती गरज संपली आणि गरजेबरोबर ओळखही पुसली गेली.

कुणी म्हणेल, पोटामागे धावणाऱ्याला झाडं बघायला सवड कुठे? अडचण खरी आहे. पण त्यासाठी माथेरान गाठावं लागत नाही. संशोधक रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या अभ्यासात, खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. नुसत्या नजरेत एवढं बळ असेल, तर रोजच्या ओळखीत किती असेल! उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लगडणारा बहावा रस्त्याकडेलाही असतो. त्याला पालवी कधी फुटते, काळ्या लांब शेंगा कधी लोंबतात, हे येता-जाता पाहता येतं. ओळखीच्या झाडावर कुऱ्हाड पडताना माणूस गप्प बसत नाही. म्हणून आजच घराजवळचं एक झाड निवडा आणि वर्षभर त्याची विचारपूस करा.