दोन नाणी आणि एक फ्रॉक

वरणगावात नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. १९६४ साली येथे आयुध निर्माणी सुरू झाली आणि तिच्याभोवती वसाहत वाढली. त्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेली माणसे, आणि त्यांच्यामागे राहिलेल्या विधवा, या महिन्यात बँकेच्या दारी रांग धरतात. यंत्रावर अंगठा ठेवून आपण अजून जिवंत आहोत हे सरकारदरबारी सिद्ध केले, की पुढच्या वर्षाची निश्चिंती. मग डिसेंबर उजाडतो, आगमनकाळ सुरू होतो, नाताळ जवळ येतो आणि पुण्यामुंबईच्या नातवंडांची आठवण होऊ लागते. हातात चार पैसे आहेत आणि मन हळवे झाले आहे, असा हा काळ. ही गोष्ट आमच्याइतकीच आणखी काही जणांना पक्की ठाऊक असते.

जानेवारी २०२५ मध्ये, तीन राजांचा सण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा मिस्साचे निमित्त सांगण्यासाठी आमच्याकडे आल्या. (हे पापनिवेदनातील नव्हे, साध्या भेटीतील आहे. ओळख पटू नये म्हणून आम्ही एकदोन तपशील बदलले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहोत.) पतीच्या नावाने मिस्सा मागून झाला तरी त्या उठेनात. पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत बसल्या. शेवटी आम्हीच विचारले, “मावशी, आणखी काही आहे का?”

मग ते बाहेर आले. नातीसाठी त्यांनी शेजारच्या मुलीकडून फोनवरून एक लाल फ्रॉक मागविला होता. चार दिवसांनी एका तरुणाचा फोन आला. पत्ता अपुरा असल्यामुळे पार्सल परत चालले आहे, पाच रुपये भरा म्हणजे पोहोचते करतो, असे तो म्हणाला. पाच रुपये ते काय! त्याने पाठविलेल्या दुव्यावर त्यांनी बोट ठेवले, त्याने सांगितले ते ‘अ‍ॅप’ उतरवून घेतले, आणि पडद्यावर आलेला आकडा वाचून दाखविला. अर्ध्या तासात खात्यातील अडतीस हजार रुपये गेले. फ्रॉक मात्र दोन दिवसांनी बिनबोभाट घरी आला. त्या पार्सलाचे काहीच अडलेले नव्हते. ठग मंडळी असे संदेश हजारोंना पाठवितात. त्या दिवसांत ज्याचे खरेच पार्सल यायचे असते तो अलगद सापडतो.

ही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील घटना. नाताळ झाला, मुलगा सहकुटुंब येऊन गेला, करंज्या झाल्या, गायनवर्ग झाला, आणि या बाईंनी कोणाला अवाक्षर सांगितले नाही. “पोराला कळलं तर फोन काढून घेईल, फादर. मग मी एकटी काय करू?” आम्ही हबकलो. पैशापेक्षा मोठी चोरी ही होती. आपण आता व्यवहाराला नालायक ठरणार, या भीतीने त्यांना तीन आठवडे गप्प ठेवले होते.

पण त्या यासाठी आल्या नव्हत्या. त्यांचा प्रश्न निराळाच होता. “आता फोन वाजला की वाटतं, चोरच असेल. परवा पोस्टमन आला तर दार उघडलं नाही. माणसाला चोर समजणं पाप आहे ना? आणि तुम्हीच सांगितलं होतं, नोव्हेंबरात, की तिच्यासारखं द्या, हिशेब न करता.”

होय, सांगितले होते. १० नोव्हेंबर २०२४ हा सामान्य काळातील बत्तिसावा रविवार होता आणि शुभवर्तमान होते मार्कच्या बाराव्या अध्यायातील गरीब विधवेचे. मंदिराच्या दानपेटीत तिने दोन लहान नाणी टाकली. तिच्याजवळ होते नव्हते ते सारे दिले. त्या दिवशी आमचे प्रवचन रंगले होते, असे आम्हांस नंतर चारचौघांनी सांगितलेही. त्यात ज्याची आम्हांस आज लाज वाटते ती गोष्ट अशी. वाचनग्रंथात त्या रविवारी दोन पर्याय दिलेले असतात, एक पूर्ण आणि एक संक्षिप्त. संक्षिप्त वाचन थेट दानपेटीपासून सुरू होते. वेळ वाचावा म्हणून आम्ही तेच घेतले. गाळलेल्या तीन ओव्यांत प्रभू येशू कोणाविषयी बोलतो? लांब झगे घालून मिरविणाऱ्या, बाजारात नमस्कार घेणाऱ्या, दिखाव्यासाठी लांबच लांब प्रार्थना करणाऱ्या आणि विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी. त्यांच्यापासून सांभाळा, असे तो स्पष्ट बजावतो, आणि त्यानंतर लगेच ती विधवा येते. मार्कने हे दोन प्रसंग एकमेकांना चिकटवून ठेवले आहेत. औदार्याचे कौतुक करण्याआधी औदार्य लुबाडणाऱ्यांविषयी इशारा दिला आहे. आम्ही इशारा गाळला आणि कौतुक तेवढे ठेवले. तो उतारा पुन्हा नोव्हेंबर २०२७ मध्ये येईल. तेव्हा मिस्सा पाच मिनिटे लांबली तरी चालेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संशय घेणे हे पाप आहे काय?

सेमिनरीत शिकताना ज्या पानांवरून आमची नजर झोपाळूपणे फिरली होती, ती या बाईंमुळे पुन्हा उघडावी लागली. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’त माणसाने माणसाचा न्याय कसा करावा याचा ऊहापोह केला आहे. त्यांचे मत प्रथमदर्शनी मावशींच्या टोचणीला दुजोराच देते. दुसऱ्याच्या दुष्टपणाचा उघड पुरावा नसेल तर त्याच्या वागण्याचा चांगलाच अर्थ लावावा, असे ते म्हणतात. अशाने आपण पुष्कळदा फसू, हेही ते मान्य करतात. पण चांगल्या माणसाला वाईट ठरविण्यापेक्षा वाईट माणसाविषयी चांगले मत बाळगून वारंवार फसणे बरे, कारण पहिल्यात कोणावर तरी अन्याय होतो, दुसऱ्यात होत नाही. येथवर वाचून आम्ही पुस्तक मिटले असते, तर मावशींना दाराची कडी काढून ठेवा असेच सांगावे लागले असते.

परंतु त्याच कलमाच्या शेवटी, एका आक्षेपाला उत्तर देताना, थॉमस एक नाजूक भेद करतात. एखाद्याविषयी वाईट मत ठरविणे वेगळे. आणि अनिष्टावर उपाय योजताना ‘वाईटात वाईट काय होऊ शकेल’ असे गृहीत धरणे वेगळे. मोठ्या दुखण्यावर चालणारे औषध लहान दुखण्यावर चालतेच. म्हणून उपायापुरते वाईट गृहीत धरण्यास हरकत नाही, किंबहुना ते हिताचेच. रात्री आपण दाराला कुलूप लावतो तेव्हा आळीतील अमुक शेजारी चोर आहे असा निवाडा केलेला नसतो. फोनवरील मुलाला “बाळा, मी हे फोनवर सांगत नाही,” असे म्हणताना आपण त्याला चोर म्हटलेले नाही. तो खराच डाकखात्याचा असेल तर त्याचे काही बिघडत नाही, आणि नसेल तर त्याला एका पापापासून आपण वाचविले.

त्याचा निवाडा आपण करू नये याला आणखीही एक कारण आहे. अशा ठगीच्या धंद्यात नोकरीच्या आमिषाने परदेशी नेऊन, पारपत्र काढून घेऊन, धाकाने कामाला जुंपलेली तरुण मुले असतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरील अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणले. मावशींशी मर्यादेने बोलणारा तो आवाज कोणाचा होता, मालकाचा की गुलामाचा, हे देव जाणे. त्याच्यासाठी प्रार्थना करावी. आकडा मात्र सांगू नये.

त्या दिवशी मावशींना आम्ही हे सारे थॉमसच्या नावाने सांगितले नाही. आदल्याच दिवशी ऐकलेली तीन राजांची गोष्ट सांगितली. जगातील पहिली नाताळची भेट घेऊन निघालेली ही भाविक माणसे यरुशलेमात भोळेपणाने चौकशी करीत फिरली. मग हेरोदाने त्यांना गुप्तपणे बोलावले, तारा नेमका केव्हा दिसला ते काढून घेतले, बाळाचा ठावठिकाणा मला येऊन कळवा म्हणजे मीही त्याला नमन करीन, असे म्हणाला. गुप्तता, गोड भाषा, पवित्र हेतू आणि माहितीची मागणी. आजच्या फोनवरही याहून वेगळे काय असते? ज्ञानी लोकांनी हेरोदाशी भांडण केले नाही. स्वप्नात इशारा मिळाला, त्यांनी माहिती दिली नाही, आणि दुसऱ्या वाटेने ते आपल्या देशी गेले. त्यांच्या त्या मौनाला शुभवर्तमानात कोणी पाप म्हटलेले नाही. मावशी हसल्या. “म्हणजे हेरोदाला आकडा सांगायचा नाही,” त्या म्हणाल्या. आमच्या सगळ्या विवेचनाहून ते बरे होते.

त्यानंतर आम्ही धर्मगुरूनिवासातूनच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली आणि बँकेत गेलो. पैसे परत आले नाहीत. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असा तासातासाला पळविला जातो. पहिल्या तासांत तक्रार गेली तर वाटेत गोठविता येतो, तीन आठवड्यांनी काय हाती लागणार? गुप्त आकडा आपणच सांगितला असेल तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान आपले, मात्र कळविल्यानंतर पैसे गेले तर ते बँकेने सोसायचे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिला. म्हणजे लाजेचा एकेक तास रुपयांत मोजावा लागतो. मुलांना आमचे येथे हात जोडून सांगणे आहे. आईवडील फसले तर “तुला एवढं कळलं नाही?” हा प्रश्न तोंडातून काढू नका. ज्या घरात तो विचारला जातो, त्या घरात पुढच्या वेळी कोणी काही सांगत नाही. शिकलेसवरलेलेही फसतात. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हांला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, अशी धमकी देऊन मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेल्यांना लुटल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला सावध केले. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

खरेदीचे म्हणाल, तर पैसे घेण्यासाठी गुप्त पिन कधीच टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी असतो, एवढे पाठ असले तरी निम्मे संकट टळते. फोनवरूनच खरेदी करायची असेल तर त्यापुरते थोडे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि पेन्शनचे खाते फोनला जोडूच नये. आपण न मागविलेले पार्सल दारी आले आणि पैसे मागू लागले, तर मुलाला विचारल्याखेरीज घेऊ नये. घाई करणाऱ्याला “उद्या सांगते” म्हणावे. ठगाला उद्या परवडत नाही. दिवाणखान्यात सभा भरवून ‘मोफत भेट’ देणाऱ्या आणि मग चुंबकाच्या गाद्या गळ्यात मारणाऱ्यांचाही हाच हंगाम असतो. नातवाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी जळगावच्या सराफ्यात सोन्याचा क्रूस घ्यायचा झाला, तर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो तो पाहावा. भारतीय मानक ब्युरोच्या अ‍ॅपवर तो पडताळता येतो. क्रूस दोन ग्रॅमहून हलका असेल तर हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून पक्की पावती तरी घ्यावीच. दुकानदाराने दाद दिली नाही तर १९१५ ही ग्राहकांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

आणि खरेदी नकोच असेल तर? वृद्धांनी नातवंडांना काय द्यावे, हे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. कारखान्यातल्या आजोबांनी पहिल्या पगारात काय घेतले, आजीचा बाप्तिस्मा कोणत्या गावी झाला, भुसावळच्या फलाटावर कोणाची पहिली भेट झाली, हे वहीत लिहून दिले तर ती वही फ्रॉकहून अधिक वर्षे पुरेल. मुलांनीही शाल देण्याआधी पाहावे. आमच्या वृद्धांच्या कपाटांत कोऱ्या शाली घडी न मोडता पडून आहेत. त्यांना न घसरणारी चप्पल हवी असते, चांगली बॅटरी हवी असते, मोठ्या अक्षरांतला नवा करार हवा असतो. सगळ्यांत अधिक हवे असते ते देण्याचे सुख. ते सुख काढून घेऊन “तुम्ही नुसते आराम करा” म्हणणे ही भेट नव्हे. ठगाने मावशींची नेमकी हीच ओढ हेरली होती, म्हणून ती ओढच वाईट होती असे कसे म्हणावे? संत निकोलसने रात्री खिडकीतून मोहरांची थैली टाकली अशी कथा आहे. अंधारात देणारेही असतात आणि नेणारेही. म्हणून खिडक्याच बंद करून कसे चालेल?

यंदाच्या आगमनकाळात रविवारच्या मिस्सानंतर आमचे दोघे तरुण बाकावर बसतात आणि ज्याला आलेला संदेश कळत नाही, तो फोन घेऊन त्यांच्यापुढे येतो. कोणी हसायचे नाही, ही एकच अट. पहिल्या रविवारी तिघे आले, दुसऱ्या रविवारी अकरा. मावशी स्वतः फोन घेऊन आल्या नव्हत्या. शेजारणीला घेऊन आल्या होत्या. मुलाला त्यांनी उन्हाळ्यात सारे सांगितले. त्याने फोन काढून घेतला नाही. नातीसाठी या वेळी त्या भुसावळच्या बाजारात जाऊन, कापड बोटांनी चाचपून, भाव करून फ्रॉक घेऊन आल्या. निघताना बाकावरच्या त्या दोघांच्या हातात त्यांनी बिबड्यांची पिशवी ठेवली आणि कोणाला सांगू नका म्हणाल्या. आम्ही पाहिलेच नाही असे दाखविले.