फळ कोणाचं?



आजचा श्लोक गीता २.४७. हा तर सगळ्यांनाच पाठ असतो, कॉफीच्या मगवरसुद्धा छापलेला असतो. कर्म करत राहा, फळावर हक्क सांगू नकोस. आज त्याचा अर्थ लिहिण्याआधी एक कबुली देतो: हा श्लोक मी एकदा स्वतःचे पैसे वाचवायला वापरलाय.

आम्ही मुलुंडला राहतो. आई, मी आणि एक बोका. गणपतीला गावी जातो, कुडाळजवळ. ठाण्याहून तुतारी पकडायची, गौरी-गणपती विसर्जन झालं की परतायचं. त्या गर्दीत बोक्याला नेणं म्हणजे त्याचे हाल. म्हणून दोन वर्षांपूर्वी चावी शेजारी दिली. काकूंची मुलगी तेव्हा नववीत होती. दिवसातून दोनदा खाणं, ताजं पाणी, लिटरचा ट्रे साफ करणं, असे सहा दिवस. परत आल्यावर आम्ही तिला मालवणी खाजं आणि कोकमं दिली.

आई म्हणाली, "अरे, पोरीला काही पैसे द्यायला हवेत." मी म्हणालो, "आई, शेजारधर्म आहे हा. पैसे दिले की त्याचा धंदा होतो. तिला निष्काम कर्म करू दे ना!" वर स्वतःच्याच बोलण्यावर खूश झालो.

महिन्याभराने लिफ्टमध्ये तिचा धाकटा भाऊ भेटला. "दादा, तुमच्या बोक्यामुळे ताईचा डान्स राहिला." सोसायटीच्या गणपतीचा कार्यक्रम होता त्या संध्याकाळी बोका माळ्यावर जाऊन लपला, आणि तो हरवला या भीतीने ती दोन तास आमच्या घरात एकटी शोधत बसली. आम्हाला तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्या रात्री श्लोक पुन्हा उघडला. श्रीकृष्ण अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या फळाबद्दल सांगतो आहे. तुझ्या कर्माचं फळ तू धरून बसू नकोस. दुसऱ्याच्या कर्माचं फळ खुशाल खिशात घाल, असं कुठेच नाही! निष्कामता ही मी माझ्यापुरती घ्यायची गोष्ट. मी ती एका नववीतल्या मुलीवर लादली होती, तिला न विचारता. ऑफिसात शनिवारी फुकट बोलावणारा बॉस 'पॅशन हवी' म्हणतो तेव्हा आपल्याला बरोबर कळतं की काय चाललंय. इथे बॉस मी होतो.

पुढे ३.१२ मध्ये तर घेऊन परत न देणाऱ्याला सरळ चोर म्हटलंय. तिथे संदर्भ देवांचा आणि यज्ञाचा आहे, मान्य. पण मला तो शब्द टोचायचा तो टोचलाच.

(युधिष्ठिर आठवतो. महाप्रस्थानिक पर्वात स्वर्गाच्या दारातही त्याने कुत्र्याला सोडलं नाही. अर्थात त्याला परतीचं रिझर्वेशन नव्हतं.)

गेल्या वर्षी जाण्याआधी पाकीट घेऊन शेजारी गेलो. काकूंनी ते तसंच परत माझ्या हातात ठेवलं. "आम्ही काय कामाला बाई पाठवतो का रे तुझ्याकडे?" खरोखर दुखावल्या होत्या. आणि त्यांचंही चूक नव्हतं. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा आठ दिवस त्यांच्या घरून डबा यायचा. त्या डब्याचे जीपे केले असते तर त्यांनी पुन्हा तोंड पाहिलं नसतं माझं. काही देणी फेडायची नसतात, तशीच राहू द्यायची असतात.

पण मला वाटतं, डबा काकूंनी स्वतःच्या वाटणीतून दिला. बोक्यासाठी जाणारे तास मुलीचे होते. तिच्या वतीने त्या उदार होत होत्या आणि मी निष्काम. तिला मात्र कोणीच विचारलं नव्हतं.

मग काकूंसमोरच तिला विचारलं, "तू सांग. किती घेशील?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पैसे घेतले आणि तो आजारी पडला, तर माझ्यावर येईल का?"

मी तयारी केली होती ती दान की मोबदला या चर्चेची. सतराव्या अध्यायातलं सात्त्विक दान वगैरे. हा प्रश्न कुठल्याच टिपणात नव्हता. म्हणजे आदल्या वर्षीसुद्धा ही भीती घेऊन ती सहा दिवस आमचं दार उघडत होती. तीही फुकट.

तिला सांगितलं की बोका माझा, जबाबदारी माझी. कायद्यानेही तसंच आहे: पाळलेल्या प्राण्याला पुरेसं खाणं-पाणी न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मालकाचा गुन्हा आहे. चावी दिली म्हणून माझी जबाबदारी सुटत नाही. मग कागदावर लिहून दिलं: डॉक्टरांचा नंबर, माझा आणि आईचा नंबर, रात्री-अपरात्री काही झालं तर आधी मला फोन. अगदीच वेळ आली तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, पण तिथे घेऊन जायला भांडुपचा माझा मित्र येईल, तिने जायचं नाही. डान्सच्या संध्याकाळीही तोच आला.

दिवसाचे दोनशे रुपये तिने सांगितले, तेही जरा घाबरतच. ती पंधराची. धाकटा लगेच "मी पण करतो, मला शंभर" म्हणत पुढे आला. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे, घरच्यांना मदत वगैरे मोजके अपवाद सोडून. त्यामुळे त्याला बोक्याशी खेळायची परवानगी मिळाली, पगार नाही. तो अजून माझ्यावर नाराज आहे.

काकू त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत. आम्ही परत आल्यावर खाजं मात्र घेतलं. पैशांचा विषय आजपर्यंत निघालेला नाही. यंदाच्या तारखा मी मुलीलाच आधी विचारल्या, तर म्हणाली, "क्लास आहेत, सकाळी जमेल, संध्याकाळचं बघा." बघतोय.

उद्या २.४८. राम कृष्ण हरी.